कांताबाईचं कवठ

आमच्या गावात बगीचा एकच आहे, त्यामुळे त्याला नाव लागत नाही. फाटकावर लोखंडी अक्षरांत एक लांबलचक नाव होतं. त्यातली निम्मी अक्षरं भंगारवाल्याकडे गेली आणि उरलेल्यांतून काही अर्थ निघत नाही. दारव्ह्याहून काळी-पिवळीने या, स्टँडवर उतरा आणि नुसतं 'बगीचा' म्हणा, कोणीही आणून सोडेल. या बगीच्याच्या कोपऱ्यात नगरपरिषदेचं वाचनालय आहे. तिथे मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. पगार ग्रंथपालाचा आणि काम पेपरच्या घड्या घालण्याचं, म्हाताऱ्यांची भांडणं सोडवण्याचं. माझी खिडकी बगीच्यात उघडायची आणि त्या खिडकीतून एकतीस वर्षं मला डोमाजी दिसत आले.

डोमाजी म्हणजे बगीच्याचे माळी. बुटके, काटक, खांद्यावर कायम पाण्याचा पाइप. माणसांशी बोलताना त्यांची जीभ अडखळायची, झाडांशी मात्र भांड भांड भांडायचे. "तुले काय कमी केलं म्या? काहून सुकून राह्यला?" असा आवाज खिडकीतून आला की माझे वाचक पेपरातून मान वर करायचे. सुरुवातीला मलाही वाटायचं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. नंतर सवय झाली. आणि मग एखाद्या दिवशी तो आवाज आला नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

ते रोजंदारीवर लागले तेव्हा इथे बगीचा नव्हताच. गुरांचा बाजार भरायचा ती मुरमाड जागा होती. कुंपण झालं, झाडं लावली, फोटो निघाले. आणि दुसऱ्याच वर्षी तो उन्हाळा आला. नळ बाराव्या दिवशी, तोही अर्धा तास. बगीच्याची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. टँकर यायचा तो माणसांसाठी. तेव्हाच्या साहेबांनी डोमाजींना सांगितलं, "मरू द्या. पावसाळ्यात नवीन लावू."

डोमाजी घरी जाऊन न जेवता निजले, असं त्यांच्या बायकोनेच मला नंतर सांगितलं. कांताबाई तिचं नाव. नवरा जितका मुका तितकी ही बोलकी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला उठवलं आणि बगीच्याभोवतीच्या गल्ल्यांमध्ये घरोघर फिरली. डोमाजी मागे उभे, बोलणार ही.

"एक झाड घ्या वं माय," ती म्हणायची. "पेयाचं पानी नाई मांगत. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कसंबी चालते. साबनाचं नको. दिवस मावळला का एक बादली, बस."

लोक हसले. आमच्या घरी तर मीच म्हटलं, "कांताबाई, इथे माणसांनाच नाही आणि झाडांना कुठून देऊ?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी बकूळ ठेवलं ताई, खिडकीतून दिसते." म्हणजे ठरवूनच आली होती.

पहिल्या संध्याकाळी एकटी इंदूबाई आली. तांड्यावरून गावात येऊन राहिलेली, भाजी विकणारी. डोक्यावर भाजी धुतलेल्या पाण्याचं घमेलं. तिने आपल्या करंजाला पाणी घातलं, घमेलं उपडं करून शेवटचा थेंब झटकला आणि गेली. तिसऱ्या दिवशी सायकल दुरुस्तीवाले रामधन आले. ट्यूबचं पंक्चर शोधायला घमेल्यात पाणी ठेवतात ना, तेच घेऊन. आठवड्याभरात संध्याकाळी बगीच्याच्या फाटकाशी बादल्यांची रांग लागायला लागली. त्यात मीही होते. सांगायला हरकत नाही, आयुष्यात इतकी मजा मला कोणत्या लग्नातही आली नाही. प्रत्येक जण आपल्या झाडापाशी, प्रत्येकाचं दुसऱ्याच्या झाडाकडे लक्ष. "रामधन, तुझ्या शिरीषाले तेल पाजतं का रे?" अशी चेष्टा चालायची. कांताबाई सगळ्यांच्या मधून फिरायची, आणि जो आला नसेल त्याच्या घरी जाऊन त्याची बादली मागून आणायची.

स्वतःसाठी तिने घेतलं ते कवठाचं रोप. शेळीने खाऊन त्याचा बोटभर खुंट उरलेला. "हे कोनी घेत नाई, मी घेतो," ती म्हणाली होती.

सदुसष्ट झाडांतली त्या उन्हाळ्यात चार गेली, त्रेसष्ट जगली. कवठही जगलं. तेव्हापासून डोमाजींच्या तोंडी झाडांची नावं बदलली ती कायमची. करंज म्हणायचे नाहीत, 'इंदूबाईचा करंज' म्हणायचे. करंजच एकोणीस होते, त्यामुळे सोयीचंही होतं. मूल पडलं तर "मास्तरच्या निंबाखाली पडलं" आणि साप निघाला तर "रामधनच्या शिरीषात गेला". माझी बदली होऊन नवीन कोणी आलं असतं तरी माझं नाव बगीच्यात राहिलंच असतं, या विचाराने मला उगाचच बरं वाटायचं.

ते दिवस आठवले की अजून छातीत गोड दुखतं. संध्याकाळी साडेसहाला डोमाजी रेडिओ लावायचे, तो खांबावरच्या भोंग्यातून सगळ्या बगीच्यात ऐकू यायचा. कारंजं होतं, ते फक्त सव्वीस जानेवारीला चालायचं आणि त्यातही एकाच बाजूने. घसरगुंडीचा पत्रा तापलेला असायचा, पोरं तरी चड्डी फाटेपर्यंत घसरायची. थंडीत कवठं पिकली की वाचनालयाच्या टिनावर धाडकन आवाज व्हायचा, पेपर वाचणारे दचकायचे आणि मी ओरडायचे, "डोमाजी, तुमच्या बायकोला आवरा!" तासाभराने कांताबाई खिडकीतून डबा आत सारायची. कवठाची चटणी, गूळ आणि लाल तिखट घातलेली. तशी चटणी मी पुन्हा खाल्ली नाही.

कांताबाई सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर डोमाजी रोज संध्याकाळी तिच्या वाट्याची बादली कवठाला घालायचे. झाड तोवर दोन मजली उंच झालेलं. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "एवढ्या झाडाला एका बादलीनं काय होणार?"

"झाडाले नाई होत काई, ताई," ते म्हणाले आणि पाइप गुंडाळत गेले. मी पुन्हा चेष्टा केली नाही.

तर आता गेल्या वर्षीची गोष्ट. मी निवृत्त झाले होते, डोमाजींचे दोन महिने उरले होते, आणि बगीच्याच्या विकासाची योजना मंजूर झाली. चालायला ट्रॅक, ओपन जिम, रबराच्या फरशीवर नवीन खेळणी आणि एक सेल्फी पॉइंट. मी विरोधात नव्हते, हे आधीच सांगते. माझे गुडघे गेलेत, मला ट्रॅक हवाच होता. पण पेव्हर ब्लॉक पाहिला की माझं डोकं फिरतं. जमिनीने श्वास कुठून घ्यायचा? ते असो.

नकाशा बाहेरच्या एका एजन्सीने केला होता. त्यात बुजवून वीस वर्षं झालेली विहीर दाखवली होती आणि झाडं म्हणजे हिरवे ठिपके, कुठेही टाकलेले. म्हणून ट्रॅकवर येणारी झाडं ठरवायला एजन्सीची दोन माणसं प्रत्यक्ष आली. नेमके तेव्हा डोमाजी वणीला गेले होते, त्यांच्या लेकीचं, रंजिताचं बाळंतपण होतं. जावई कोळशाच्या खाणीत. त्या माणसांनी खुणेसाठी रंग आणलाच नव्हता. त्यांनी डोमाजींची कोठी उघडायला लावली, त्यातला गेरू कालवला आणि अकरा झाडांच्या बुंध्यांना छातीच्या उंचीवर एकेक गेरूचा पट्टा ओढून निघून गेले. यादीत लिहिलं, 'खुणा केलेली अकरा झाडे'. बस.

डोमाजी बारा ऑगस्टला परतले. आता आमच्याकडची रीत सांगते. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला नगरपरिषदेच्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला गेरू-चुना लागतो. खाली गुडघ्याएवढा गेरू, वर चुना, त्यावर पुन्हा गेरूचा पट्टा. डोमाजींनी तीस वर्षं एकही खेप चुकवली नव्हती. त्यांनी पाहिलं, कोणी तरी अकरा झाडांना पट्टा ओढून काम अर्धवट सोडलंय. त्यांचा संताप झाला. "काम करता येत नाई तं हात कायले लावता!" असं मोठमोठ्याने बोलत त्यांनी दोन दिवसांत सगळीच्या सगळी झाडं रंगवून टाकली. चौदा तारखेला मी फिरायला गेले तर बगीचा नवरदेवासारखा उभा. मी कौतुकही केलं.

अठरा तारखेला सकाळी झाडं तोडणारे आले. त्यांचा म्होरक्या देवसिंग, हातात पेट्रोलची करवत. त्याला सांगितलं होतं, गेरूच्या पट्ट्याची झाडं पाडायची. त्याने एक फेरी मारली, पुन्हा एक मारली आणि फोनवर बोलताना मी ऐकलं, "साहेब, तुम्ही अकरा बोलले, हितं तं सगळेच हायेत. सगळे पाडू काय?"

मला आधी हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी मी डोमाजींना हाक मारली. डोमाजी पाइप टाकून धावले. जन्मात पहिल्यांदा त्यांची जीभ माणसापुढे अडखळली नाही. "थांब! हात लावू नको! तो मी लावला, तो माहा गेरू हाये!" देवसिंगने करवत खाली ठेवली. तो भला माणूस होता, म्हणाला, "काका, मले काय हौस हाये काय?"

नगरपरिषदेची नवीन अभियंता स्कूटीवर आली. वैष्णवी, पंचविशीतली पोरगी, कंत्राटी नोकरी, कपाळावर घाम. तिने यादी पाहिली, नकाशा पाहिला आणि ती रडकुंडीला आली. "काका, त्या अकरा झाडांची नावंच लिहिली नाहीत यात. आधीची नोटीस पण अशीच लागली असेल. आता पुन्हा काढावी लागेल. कोणती अकरा होती, आठवतं का तुम्हाला?"

आठवत होतं. चांगलंच आठवत होतं, कारण त्याच अकरांवर ते चिडले होते.

मी त्यांना बाजूला घेतलं. कारण मला कळलं होतं. ट्रॅकची दोरी वाचनालयाच्या बाजूने जायची होती आणि तिथे काय होतं ते मला माहीत होतं. मी हळूच म्हटलं, "डोमाजी, त्यात कवठ आहे ना?"

त्यांनी मान हलवली.

"मग दहाच सांगा. नाही तर कवठाच्या जागी दुसरं कोणतं तरी सांगा. कोणाला कळणार आहे?"

"दुसरं कोन्तं सांगू, ताई? रामधनचं, मास्तरचं तं अकरांत हायेच, कांताचं वाचवाले अजून कोनाचं देऊ? का एखाद्या वारलेल्याचं? तेईले तं बोलताबी येत नाई आता." मग म्हणाले, "तिनंच बादल्या मांगतल्या न घरोघर. मंग तिच्या झाडापायी दुसऱ्याचं कसं तोडू?"

आम्ही परत वैष्णवीपाशी आलो. डोमाजी तिला घेऊन एकेका झाडापाशी गेले आणि बुंध्यावर हात ठेवून नाव सांगत गेले. "हा इंदूबाईचा करंज." ती 'करंज' एवढंच लिहायला लागली तर म्हणाले, "बेटा, करंज एकोनीस हायेत. पुरं लिही, नाई तं पुन्हा घोळ होते." तिने पुरं लिहिलं. रामधनचा शिरीष. मास्तरांचा कडुनिंब. दहावं विमलताईंचं बकूळ. माझं झाडही यादीत आहे हे मला तेव्हा कळलं, आणि खरं सांगते, त्या क्षणापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. अकराव्या झाडापाशी डोमाजींनी हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले, "हे कांताबाईचं कवठ."

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. हरकतीला सात दिवस. एरवी नोटीस बोर्ड कोण वाचतं? पण या नोटिशीत 'झाड क्रमांक चौदा' नव्हतं, 'इंदूबाई यांचा करंज' होता. दुपारपर्यंत बातमी भाजीबाजारात पोचली. इंदूबाई आता पंच्याहत्तरीची, कमरेत वाकलेली, नातवाच्या मोटारसायकलवर बसून आली आणि नगरपरिषदेच्या पायरीवर बसून तिने जो काही उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. रामधन आले. मास्तर वारले होते, त्यांची सून आली. वैष्णवी म्हणाली, हरकत लेखी पाहिजे, एका झाडाला एक अर्ज.

मग काय, मी वाचनालयातल्या माझ्या जुन्या टेबलावर जाऊन बसले. एकतीस वर्षांत माझ्याकडे इतके लोक कधी आले नव्हते. मी अर्ज लिहीत गेले, लोक अंगठे आणि सह्या करत गेले. झाड कोणत्या उन्हाळ्यात जगवलं, कोणत्या पाण्यावर जगवलं, सगळं मी असं रंगवून लिहिलं की माझं मलाच भरून आलं. मी अगदी पुढारीण झाले होते. डोमाजी ते सातही दिवस रोज दोन-तीनदा चहा घेऊन आले. टेबलापाशी उभे राहायचे, कागदांकडे बघायचे, कप उचलून जायचे. ते नोकरीत होते, स्वतःच्याच कार्यालयाविरुद्ध अर्ज करता येत नव्हता. हे मला माहीत होतं.

निकाल बोर्डावर लागला त्या संध्याकाळी मी चष्मा लावून वाचला. ट्रॅक दोन ठिकाणी वळवणार, दहा झाडं राहणार. माझं बकूळ राहणार! मी तिथूनच पेढे आणायला पाठवलं. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, ती मी वाचली नाही. ती मी तीन दिवसांनी वाचली. 'कवठ, एक वृक्ष. हरकत: निरंक.'

तोवर करवतीचा आवाज आमच्या घरापर्यंत आला होता. मी गुडघे विसरून धावले. कवठ आडवं पडलं होतं, हिरवी फळं सगळीकडे घरंगळलेली. डोमाजींनी स्वतः दोर बांधून दिले होते, म्हणजे पडताना ते बाजूच्या बकुळावर पडू नये. माझ्या बकुळावर. देवसिंग माझी नजर चुकवत होता. डोमाजी फळं गोळा करून घमेल्यात भरत होते, एकेक, जणू बाजारात न्यायची आहेत. "कच्चे हायेत," एवढंच म्हणाले.

दहा अर्ज मी माझ्या हाताने लिहिले होते. अकरावा लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. गावातल्या कोणीही कोणत्याही झाडासाठी लिहू शकत होतं. मला लाज वाटली, अजूनही वाटते, आणि मी ती तेव्हा बोलून दाखवली नाही. मला वाटलं, डोमाजी काही म्हणत नाहीत म्हणजे त्यांनी मनावर घेतलं नसेल. माणूस स्वतःची समजूत किती सोयीने काढतो!

सप्टेंबरअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. पण संध्याकाळी बादली घेऊन येणं थांबलं नाही. कवठाच्या जागी आता ओपन जिमचं पायाने ढकलायचं यंत्र आहे. डोमाजी बादली घेऊन येतात आणि माझ्या बकुळाला घालतात.

जानेवारीत बाजारात कवठं आली. मी दोन पिकलेली आणली, गर काढला, गूळ आणि तिखट घालून चटणी केली आणि डबा घेऊन बगीच्यात जाऊन बसले. नवीन ठेकेदाराच्या माणसांनी सव्वीस जानेवारीसाठी झाडं रंगवली होती, पट्टे वाकडेतिकडे. डोमाजी आले. बादली ठेवली. मी डबा पुढे केला. त्यांनी बोटाने चाटून पाहिलं.

"गूळ कमी पडला, ताई."

"पडला असेल," मी म्हटलं. "डोमाजी, तो अर्ज... माझ्या लक्षातच राहिलं नाही हो."

त्यांनी बोट पुसून घेतलं. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी तं तुमच्याकडे पाहूनच नाव सांगतलं होतं," ते म्हणाले. "सात दिवस चाय आनली. मले वाटलं, तुमी लिहान."

मग त्यांनी डबा झाकला, बादली उचलली आणि बकुळाला पाणी घातलं. शेवटचा थेंबही झटकला.